पॉलिटेक्निक की अकरावी-बारावी? इंजिनीअरिंगच्या सुरुवातीच्या अभ्यासाचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की नाशिकच्या बऱ्याच घरांत एकच वाद रंगतो. सामनगावच्या शासकीय पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायचा, की सायन्सला अकरावी घेऊन कॉलेज रोडला क्लास लावायचा? आधी वर्षांचा वाद मिटवू. अकरावी-बारावीची २ आणि डिग्रीची ४, झाली ६. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाची ३ आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन डिग्रीची ३, तीही ६च. ‘डिप्लोमात एक वर्ष जास्त जातं’ हे नातेवाइकांचं गणित चुकीचं आहे, अर्थात मधे इयर डाउन झालं नाही, म्हणजे विषय राहून वर्ष वाया गेलं नाही तर. खरा फरक एवढाच की एका वाटेवर गणित आधी अंगावर येतं आणि हत्यार नंतर हातात, दुसऱ्या वाटेवर नेमकं उलटं.

बारावीच्या वाटेवर गणिताला सुट्टी नाही. सीईटीच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेच्या, २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम १ मिनिट ४८ सेकंद. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि बोर्ड नाही म्हणून अकरावी सोडून देणारे तिथेच गुण घालवतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे पर्याय उलटे ताडून पाहायची सवय लागते. हीच सवय डिग्रीच्या पहिल्या वर्षी एम-१मध्ये (इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-१, पुढे एम-२, एम-३) नडते. तिथे साधारण मीन व्हॅल्यू थिअरम, फूरिए सिरीज, पार्शल डिफरन्सिएशन, आयगेन व्हॅल्यू असं सगळं असतं आणि गुण पायऱ्यांना मिळतात. फूरिएमध्ये तर गाडी हमखास एका जागी घसरते: कॉस एन-पायची किंमत (−१)चा एन-वा घात असते, ती सरसकट १ धरली की पुढची सगळी पदं एकाच चिन्हाची निघतात. पद्धत माहीत असते, पण पायरी न लिहिता उडी मारलेली असते.

डिप्लोमात पहिल्या वर्षी लॉगरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, मग डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन येतं, तेही सोप्या हाताने. त्यानंतर बहुतेक शाखांत गणित जवळजवळ संपतं. दोनेक वर्षं इंटिग्रेशनला हात लागत नाही, आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी थेट एम-३ समोर उभं राहतं: लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशन, लाप्लास, व्हेक्टर कॅल्क्युलस. शाखेनुसार विषयाचं नाव आणि क्रम थोडा बदलतो, स्वायत्त कॉलेजांत तर बदलतोच, पण धक्का तोच.

लिनिअर डिफरन्शिअल इक्वेशनचं उदाहरणच घ्या (डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह घ्यायची खूण). डी-वर्ग अधिक ३डी अधिक २, हे वायवर लावलं आणि उजवीकडे ई चा एक्स-वा घात. आधी एम² + ३एम + २ = ० सोडवायचं, मुळं −१ आणि −२, त्यावरून सीएफ (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, उजवी बाजू शून्य धरून येणारं उत्तर). मग पीआयसाठी (पर्टिक्युलर इंटिग्रल, उजव्या बाजूमुळे येणारा भाग) डीच्या जागी १ घातला की खाली १ + ३ + २ = ६, म्हणून ई चा एक्स-वा घात भागिले ६. इथवर डिप्लोमाचा मुलगा दोन दिवसांत पोचतो. अडतो तो पुढे, व्हेक्टरमध्ये ग्रीन्स थिअरम आलं की. कारण त्याला डबल इंटिग्रल लागतं, ते एम-२मध्ये, म्हणजे डिग्रीच्या पहिल्याच वर्षी, शिकवलेलं असतं, आणि एम-२ त्याने पाहिलेलंच नसतं. त्यात थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश बहुतेकदा उशिरा होतात, तोवर वर्गात एक-दोन युनिट उरकलेली असतात.

यावर उपाय एकच. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपली की प्रवेश होईपर्यंतच्या सुट्टीत रोज दोन तास, याच क्रमाने: इंटिग्रेशन बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन, मग पार्शल डिफरन्सिएशन, मग फर्स्ट ऑर्डर इक्वेशन, शेवटी डबल इंटिग्रल. लाप्लासपासून सुरुवात करू नका. इन्व्हर्स काढायला पार्शल फ्रॅक्शनच लागतात.

ड्रॉइंग आणि वर्कशॉपमध्ये पारडं फिरतं. अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीतला व्हर्निअर ०.१ मिमीपर्यंत मोजतो. वर्कशॉपमधल्या नेहमीच्या व्हर्निअरवर मुख्य पट्टीच्या ४९ मिमीचे ५० भाग असतात, लघुतम माप ०.०२ मिमी. बारावीचा मुलगा पहिल्यांदा तो हातात घेतो आणि जुन्या सवयीने वाचतो. फिटिंगच्या जॉबला तो कानस झुलवत चालवतो, त्यामुळे कडा झिजतात, मध्यभाग फुगीर राहतो आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला की दोन्ही टोकांना उजेड दिसतो. डिप्लोमात पहिल्या वर्षीच हात बसलेला असतो. ग्राफिक्समध्येही, म्हणजे ड्रॉइंगच्या विषयात, तसंच: फर्स्ट अँगलमध्ये (आपल्याकडची व्ह्यू मांडायची पद्धत) टॉप व्ह्यू एक्स-वाय रेषेखाली आणि डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे येतो. नवखा तो डावीकडेच काढतो, म्हणजे नकळत थर्ड अँगल, उलट मांडणीची दुसरी पद्धत. डिग्रीच्या पहिल्या वर्षी ही समज यायला चार-पाच शीटं जातात.

फिजिक्स-केमिस्ट्रीचा फरक फार धरू नका. दोन्हीकडे ते पार होतात.

एक मात्र विचारात घ्या. डिप्लोमाचा विद्यार्थी तीन वर्षांनी थांबला तरी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दाखवायला हातात पदविका असते. बारावीनंतर सीईटी बिघडली तर हातात तांत्रिक असं काही नसतं. पण बी.एस्सी., फार्मसी, एनडीए ही दारं उघडी राहतात. इंजिनीअरिंगबद्दलच खात्री नसेल तर आमचा कौल बारावीला. खात्री असेल आणि मुलगा-मुलगी यंत्र उघडून बसणारी असेल, तर पॉलिटेक्निक.

फॉर्म भरण्याआधी घरी दोन गोष्टी करायला सांगा. काडेपेटी अर्धी उघडी ठेवून समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन आकृत्या पट्टीने मापून काढायच्या. आणि दहावीच्या गणित भाग १मधली वर्गसमीकरणांची १० शाब्दिक उदाहरणं सगळ्या पायऱ्यांसह सोडवायची. कोणती आधी पुरी झाली यापेक्षा कोणती अर्धवट पडून राहिली, ते बघा. उदाहरणंच राहिली आणि तरीही पॉलिटेक्निकच ठरलं, तर एम-३ची गोष्ट आजच कानावर घाला.