तोमार की मेर्तोला? पोर्तुगालमधील दोन नदीकाठच्या गावांची तुलना

लिस्बन पाहून झाल्यावर दोन-तीन दिवस हाताशी असतील आणि पोर्तुगालच्या ग्रामीण भागातील एखादे जुने नदीकाठचे गाव निवांत पाहण्याचा विचार असेल, तर मी दोन नावे सुचवीन : नाबाव नदीवरील तोमार आणि ग्वादियाना नदीवरील मेर्तोला. दोन्हीकडे वर किल्ला आणि खाली नदी आहे. तरीही एकाची हौस दुसऱ्याने भागत नाही.

प्रवासाच्या सोयीत तोमार निःसंशय सरस आहे. लिस्बनहून थेट रेल्वेने तिथे सुमारे दोन तासांत पोहोचता येते, स्थानकापासून जुने गाव पायी गाठता येते आणि सकाळी निघून रात्री परतणेही जमते. मेर्तोला मात्र दक्षिणेला, आलेंतेझू प्रांतात, बेजा शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तिथे रेल्वे जात नाही आणि बस मोजक्याच असल्यामुळे भाड्याची मोटार घेणे श्रेयस्कर, फक्त तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे भान ठेवावे.

तोमारचा किल्ला टेम्पलर या योद्धा-संन्याशांच्या संघाने ११६० मध्ये बांधायला घेतला. पुढे १३१९ मध्ये स्थापन झालेला ऑर्डर ऑफ क्राइस्ट हा संघ त्यांचा वारसदार ठरला आणि त्याचा लाल क्रूस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर चढून हिंदी महासागरापर्यंत आला. किल्ल्याला लागून असलेला मठ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या सोळाव्या शतकातील खिडकीसमोर घाई करू नये : दगडातच कोरलेले पीळदार दोरखंड, गाठी, साखळ्या आणि प्रवाळ एकमेकांत गुंतत वर चढतात आणि तळाशी एका दाढीवाल्या पुरुषाने हा सारा भार खांद्यावर पेललेला दिसतो. जुन्या गोव्यातील रोझरी चर्चवर ज्यांनी दोरखंडाची नक्षी पाहिली असेल, त्यांना तिचे मूळ घराणे इथे भेटेल. खाली गावात पंधराव्या शतकातील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे. आवाज नीट घुमावा म्हणून त्याच्या भिंतींच्या वरच्या कोपऱ्यांत मातीचे घडे बसवलेले आहेत. नदीतल्या बेटावरच्या बागेत लाकडी रहाट आहे, तो पाहताना कोकणातल्या माणसाची पावले थबकतील.

मेर्तोलात इतकी भव्य वास्तू नाही. तिथे काळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. नगरपालिकेच्या इमारतीखाली रोमन घराचे अवशेष जपलेले आहेत, तर गावाचे मुख्य चर्च म्हणजे बाराव्या शतकातील मशीदच आहे. १२३८ मध्ये गाव ख्रिस्ती सत्तेखाली आल्यावर ती पाडली गेली नाही, तिचे चर्च झाले. त्यामुळे आजही नालाच्या आकाराच्या कमानींच्या दारांतून आत जाता येते आणि मुख्य वेदीमागे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा दिसतो. पुरातत्त्वज्ञ क्लाउदियू तोरेश यांनी १९७८ पासून इथे जे उत्खनन उभे केले, त्यातून सापडलेली इस्लामी काळातील भांडी गावभर विखुरलेल्या छोट्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. ती पायी फिरत पाहण्यात एक दिवस सहज जातो.

ऋतूचा विचार नीट करावा. आलेंतेझूत जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मेर्तोलाच्या चढणीच्या, दगडी गल्ल्यांत वयस्कर मंडळींचे फार हाल होतात. एप्रिल-मे उत्तम, आणि मे महिन्यात दर दोन वर्षांनी तिथे इस्लामी उत्सवही भरतो. तोमारचे जुने गाव सपाटीवर आहे. मठापर्यंतचा चढ टॅक्सीने टाळता येतो. तिथला ताबुलेरूशचा, म्हणजे डोक्यावर पाव-फुलांचे उंच मनोरे घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीचा, उत्सव चार वर्षांतून एकदा, जुलैत होतो, आणि २०२३ नंतरची त्याची पाळी २०२७ ची आहे. तेव्हा खोली फार आधी राखून ठेवावी लागेल.

शाकाहारी प्रवाशांना दोन्हीकडे विचारूनच मागवावे लागेल, कारण साध्या दिसणाऱ्या काल्दू व्हेर्द या हिरव्या सूपमध्येही सहसा डुकराच्या सॉसेजची चकती असते. अंडे चालत असेल, तर आलेंतेझूतील आसोर्दा हे अंडे घातलेले पावाचे सूप आवर्जून घ्यावे. लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह तेल आणि शिळा पाव यांची ती चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही.

एकच दिवस असेल किंवा मोटार चालवायची नसेल, तर तोमार निवडावे. दोन रात्री देता येत असतील, तर मी मेर्तोलाच सांगेन. तिथे पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जावे : तटबंदी, पांढरी घरे, मशिदीचे झालेले चर्च आणि सगळ्यांवर किल्ला, असे सगळे गाव तिथून एकाच नजरेत मावते.