मिस्टर बेनेडिक्ट लहानपणी कसे होते? प्रीक्वेल वाचला, भारी आहे पण मध्ये रेंगाळतो

'द मिस्टीरियस बेनेडिक्ट सोसायटी' ही मुलांची पुस्तकमालिका वाचली असेल तर हिरव्या चौकड्यांच्या सुटातले, हसता हसता मध्येच झोपून जाणारे मिस्टर बेनेडिक्ट आठवत असतीलच. त्यांच्याच लहानपणाची गोष्ट म्हणजे ट्रेंटन ली स्टुअर्टचं 'द एक्स्ट्राऑर्डिनरी एज्युकेशन ऑफ निकोलस बेनेडिक्ट'. मूळची तीन पुस्तकं 2007 ते 2009 मधली, हे 2012 चं.

प्रीक्वेल म्हटलं की मला जरा धास्तीच वाटते, कारण पोरगं पुढे सुखरूप मोठं होणार हे आधीच माहीत, मग जीव टांगणीला लागणार तरी कसा. पण इथे ते जमलंय, आणि ते जमलंय ते निकोलसच्या झोपेमुळे. 9 वर्षांचा अनाथ मुलगा, पान एकदा नजरेखालून गेलं की पाठ, समोरच्या मोठ्या माणसाला दोन मिनिटांत ओळखणार, पण नार्कोलेप्सी आहे, म्हणजे अचानक झोप लागण्याचा आजार, आणि त्याला तर भावना अनावर झाल्या की जागच्या जागी झोप. रात्री भयानक स्वप्नं पडून ओरडतो म्हणून नव्या अनाथाश्रमात त्याला खोलीत घालून बाहेरून कुलूप लावतात. त्यामुळे रात्री गुपचूप बाहेर पडायचं तर आधी कुलपाचं बघा, मग दिवसा मागे लागणाऱ्या 'स्पायडर्स' नावाच्या दांडगट पोरांचं, आणि एवढं करून ऐन वेळी डोळा लागला तर सगळं मुसळ केरात! इतकं डोकं असून स्वतःच्या शरीराचाच भरवसा नाही, हे लेखकाने रडारड न करता लिहिलंय.

अजून एक आवडलं, हा निकोलस सुरुवातीला काही गोड बाळ नाहीये. चांगला आगाऊ आहे, सफाईने खोटं बोलतो, माणसं म्हणजे सोडवायची कोडीच वाटतात त्याला. जॉन आणि व्हायोलेटशी मैत्री झाल्यावर तो हळूहळू बदलतो, ते वाचायला मजा येते.

आता तक्रार. लपवलेल्या खजिन्याचा शोध मध्ये फारच लांबलाय, अनाथाश्रमाच्या त्याच त्या मोठ्या वाड्यात फिरून फिरून आपणच दमतो. स्पायडर्सही ठरलेल्या साच्यातले. आणि मूळ पुस्तकांतल्या रेनी, स्टिकी, केट, कॉन्स्टन्स या मुलांची धमाल डोक्यात ठेवून बसलात तर हिरमोड होईल, ती चौकडी इथे नाही, त्यांच्यासारखी शत्रूच्या अड्ड्यात घुसायची मोहीमही नाही. सतत धावपळ लागणारी मुलं अर्ध्यात सोडतील, कोडी आवडणारी, एकट्याने पुस्तकात रमणारी मात्र चिकटून बसतील.

गोष्ट स्वतंत्र आहे, आधी वाचली तरी काही अडत नाही. पण माझं ऐकाल तर निदान मालिकेतलं पहिलं पुस्तक वाचून मग याला हात घाला, ते हसता हसता झोपणं तिथे नुसतं गमतीचं वाटतं, इथे तसं राहत नाही.