एरॉन की लीप? आधी गुडघा मोजा, मग जाळी बघा

हर्मन मिलरची एरॉन आणि स्टीलकेसची लीप या दोन्ही खुर्च्या नव्या घेतल्या तर लाखाच्या घरात जातात. कंपन्यांनी ऑफिसं हलवली किंवा बंद केली की त्याच खुर्च्या रिफर्बिश्ड, म्हणजे डागडुजी, होऊन बऱ्याच कमी भावात बाजारात येतात. तेवढ्याच पैशांत हेडरेस्टवाली कोरी देशी मेश (जाळीची) खुर्चीही मिळते, म्हणून निवड तिघींत होते. घेणाऱ्यांची चर्चा मात्र बहुतेक वेळा ‘जाळी की फोम’ इथेच अडकते.

त्याआधी टेप घ्या. भिंतीला पाठ टेकून स्टुलावर ताठ बसा. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर हे पहिलं माप. भिंतीपासून त्याच खळगीपर्यंतचं अंतर हे दुसरं, त्यातून ५ सेमी वजा करा. पहिलं माप म्हणजे तुमच्या सीटची उंची, दुसरं म्हणजे सीटची खोली. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचं पहिलं माप साधारण ३९-४० सेमी भरतं. स्वस्तातल्या कित्येक खुर्च्या पूर्ण खाली आणल्या तरी ४४-४५ सेमीवर थांबतात. मग टाचा अधांतरी राहतात, सीटची कड मांडीखाली रुतते आणि माणूस हळूहळू पुढे सरकून कडेवर बसायला लागतो. पाठीचा आधार कितीही उत्तम असला तरी मग तो वापरलाच जात नाही.

एरॉन १९९४ सालची. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी फोम काढून टाकून सीट आणि पाठ दोन्हींना ताणलेली जाळी बसवली. २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. सीटची खोली कमी-जास्त करायची सोय तिच्यात नाही, त्याऐवजी ए, बी आणि सी अशी तीन मापं आहेत. म्हणजे चुकीचं माप घेतलं तर कुठलाही नॉब तुम्हाला वाचवत नाही. माप ओळखायचं असेल तर पाठीच्या वरच्या कडेमागे मधोमध बोट फिरवा. एक उठावदार ठिपका म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. जुन्या मालात बी सर्रास दिसतं, ए शोधावं लागतं. त्यामुळे बुटक्या माणसाला विक्रेता ‘बी सगळ्यांना चालतं’ असं सांगतो; ते ऐकू नका, दुसऱ्या मापाशी ताडून बघा.

लीप १९९९ ची, आणि २००६ पासून तिची दुसरी आवृत्ती मिळते. हिची सीट फोमची आहे आणि सुमारे ३ इंच पुढेमागे सरकते. पाठ मधून लवचिक आहे. कमरेच्या भागाचा कडकपणा आणि वरच्या पाठीचा रेटा वेगवेगळ्या नॉबनी ठरवता येतो. मागे रेललात की सीट किंचित पुढे सरकते, त्यामुळे हात टेबलापासून फार लांब जात नाहीत. एकाच खुर्चीवर घरातली दोन-तीन माणसं आळीपाळीने बसणार असतील तर लीपला तोड नाही.

आता मांडी. आपल्याकडे बरीच माणसं दिवसातून एकदा तरी पाय वर घेऊन बसतात. एरॉनच्या जाळीभोवती कडक चौकट आहे. मांडी घातली की ती चौकट घोट्याला आणि मांडीच्या बाजूला टोचते. लीपची सीट सपाट आणि कडेला मऊ आहे; मांडी ऐसपैस नाही बसत, पण बसते. ही सवय मोडणारी नसेल तर एरॉनचा विषय इथेच संपला.

उकाड्याचं पारडं मात्र एरॉनकडे. एसी नसलेल्या खोलीत, नागपूर-अकोल्याच्या एप्रिलमध्ये, फोमची सीट दुपारपर्यंत ओली होते. जाळीखालून वारा खेळतो. लीप घ्यायचीच तर कापडी घ्या. रिफर्बिश करताना काही जण स्वस्त पीयू लेदर, म्हणजे कृत्रिम कातडं, चढवतात. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने तुटतो आणि पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. कितीही पुसा, ते थांबत नाही.

हातांच्या आधारात लीप पुढे आहे: उंची, रुंदी, पुढे-मागे आणि कोन, चारही बदलतात. एरॉनचे हात पाठीच्या चौकटीला जोडलेले असल्याने रेलताना तेही मागे जातात. फोनवर बोलायला बरं, टायपिंगला नाही. उलट पुढे वाकून चित्र काढणाऱ्याला, सोल्डरिंग करणाऱ्याला एरॉनची पुढे झुकणारी सीट हवीशी वाटेल. मात्र ती सोय प्रत्येक एरॉनमध्ये नसते, बसून खात्री करा. मूळ हेडरेस्ट एरॉनला मिळतच नाही. मिळतात ते दुसऱ्या कंपन्यांचे.

तिसरी उमेदवार, देशी मेश खुर्ची. इथे ‘सिंक्रो’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. साध्या टिल्टमध्ये सीट आणि पाठ एकाच तुकड्यासारखी मागे जातात. मागे झुकलात की गुडघे वर येतात आणि पाय उचलले जातात. सिंक्रोमध्ये सीट १ अंश कलली की पाठ साधारण २ अंश कलते, म्हणून पोट आणि मांडी यांतला कोन उघडतो आणि पाय जमिनीवर राहतात. खुर्ची उलटी करा. पाठ जर एल आकाराच्या लोखंडी पट्टीने सीटच्या प्लायवूडला बोल्ट केलेली असेल तर जाहिरात काहीही म्हणो, ती सिंक्रो नाही. खऱ्या सिंक्रोत पाठीचा दांडा थेट सीटखालच्या मेकॅनिझममध्ये जातो. या किमतीत जाळीची सीटही टाळा: ती सैल पडली की पुढची चौकट मांडीखाली लागते. जाळीची पाठ, साच्यात ओतलेल्या फोमची सीट आणि सीट सरकवायची सोय, एवढं जमलं तर हेडरेस्ट नसला तरी चालेल. सीटच्या मधोमध अंगठ्याने जोरात दाबा; प्लायवूड हाताला लागलं तर तो फोम वर्षभरात बसणार. ‘बिफमा’चा (अमेरिकेतल्या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेचा) शिक्का दाखवला तर पूर्ण खुर्चीची चाचणी झाली आहे की फक्त गॅसलिफ्टची (सीट वर-खाली करणाऱ्या सिलिंडरची), ते विचारा. ती चाचणी मजबुती आणि सुरक्षिततेची असते, आरामाची नव्हे.

यातली कुठलीही घ्या, टेबलाशी भांडण अटळ आहे. आपलं टेबल सहसा ७५ सेमी उंच. सीट ४० सेमीवर आणि बसल्यावर कोपर सीटपासून २१-२२ सेमी वर, म्हणजे कोपर ६१-६२ वर. उरलेले १३-१४ सेमी खांदे उचलून भरून काढले जातात आणि मान दुखली की दोष खुर्चीला. एक तर कीबोर्डचा ड्रॉवर टेबलाखाली लावा, नाहीतर खुर्ची वर घेऊन पायाखाली तेवढ्याच उंचीचा फूटरेस्ट ठेवा. बुटक्या माणसाने दुसरा मार्ग धरला तर खुर्ची किती खाली जाते हा मुद्दा गौण होतो, आणि स्वस्त खुर्चीही पुन्हा शर्यतीत येते. सीटची खोली मात्र तेव्हाही जुळायलाच हवी.

ॲडजस्ट करताना क्रम चुकवू नका. आधी उंची, मग खोली: पूर्ण मागे बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची खळगी यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. कमरेचा फुगवटा पट्ट्याच्या रेषेवर किंवा जरा वर ठेवा. फार कडक केलात तर तोच तुम्हाला पुढे ढकलतो. मग लॉक काढा, हात छातीशी घ्या आणि रेला. धाडकन मागे गेलात तर टेन्शन, म्हणजे रेलताना पाठीचा विरोध, वाढवा, ढकलावं लागलं तर कमी करा. नॉब दोन-चार वेढ्यांत फरक दाखवत नाही, म्हणून लोक तो बिघडलाय समजून सोडून देतात, फिरवत राहा. हातांचा आधार सगळ्यात शेवटी, खांदे सैल सोडून कोपर जेमतेम टेकेल इतपत. तो टेबलाच्या कडेला आपटत असेल तर खाली घ्या, नाहीतर तुम्ही कायम टेबलापासून हातभर लांब बसाल.

रिफर्बिश्ड खुर्ची ताब्यात घेण्याआधी ती पूर्ण वर करून दहा मिनिटं बसा. हळूहळू खाली आली तर गॅसलिफ्टचं सील गेलंय. ते दुरुस्त होत नाही, पूर्ण सिलिंडर बदलतात. तो बोल्टने नाही, निमुळत्या टोकाने घट्ट बसलेला असतो, पाइप पान्याने आणि हातोडीने सुटतो. चाकंही बघा. ऑफिसच्या कार्पेटवरची कडक नायलॉनची चाकं घरच्या टाइल्सवर घसरतात आणि आवाज करतात. मऊ पीयूची चाकं घ्या. दांडा बहुतेक ११ मिमीचा असतो, पण १० मिमीचेही मिळतात, म्हणून जुनं चाक उपसून सोबत न्या.