चप्पल एक नंबर, वेबसाइटचं मात्र बघा की राव

कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या एका जुन्या दुकानानं ऑनलाइन विक्री चालू केलीय. नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत आणि सांगितलं तर ऐकतील असं वाटतंय. कापशी (कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार) मागवली होती, चामडं मऊ, शिवण हाताची, वेणी बारीक, पहिले काही दिवस जरा चावली पण ते असतंयच. चपलेला पाचपैकी पाच.

आता वेबसाइट. पैसे भरायची सोय बरोबर आहे, कार्ड नंबर दुकानाच्या पानावर टाकावाच लागत नाही, पेमेंट गेटवेच्या (दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीच्या) पानावर जातंय, ओटीपी येतोय. तसंही रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला अख्खा कार्ड नंबर साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन म्हणजे बदली आकडा, म्हणून तिकडची काळजी नव्हती.

खरी गंमत ट्रॅकिंगच्या लिंकमध्ये. माझ्या पाठोपाठ ताईनं पण ऑर्डर टाकली, दोघांना लिंक आली, सगळं सेम, फक्त शेवटचा आकडा एकानं पुढं. तिनं तिची लिंक मला पाठवली तर माझ्या फोनवर लॉगिन न करताच तिचं नाव, पत्ता, मोबाइल, काय घेतलं, किती पैसे भरले सगळं उघडं! म्हणजे आकडा बदलत बसणाऱ्याला अख्ख्या गिऱ्हाइकांची यादीच मिळणार. दुकानात फोन केला तर म्हणाले, "ओ दादा, पत्ता घेऊन कोण काय करणार?" अहो, उद्या कुणी फोन करून "ताई, तुमची आठ नंबरची कापशी कुरियरमध्ये अडकलीय, एवढी लिंक दाबा" म्हणाला तर कोण संशय घेणार, सगळी माहिती बरोबर सांगतोय की! (असं होऊन पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावायचा, वाट बघत बसायचं नाही.)

दुसरं, मी साइज आठ टाकला, मेसेजमध्ये आठ, पार्सलमध्ये नऊ आणि आतल्या चिठ्ठीवर पण नऊच. मधे कुणी बदललं? कुणालाच सांगता येईना, कारण कामाला असलेले सगळे एकाच पासवर्डनं आत जातात आणि कुणी काय बदललं याची नोंदच राहत नाही. यांच्या जुन्या लाल वहीत खाडाखोड तरी दिसायची!

आणि रिफंड मागितला तर तिथल्या पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागितला. मागं सीव्हीव्ही, म्हणजे कार्डचा गुप्त आकडा असतोय भावा! रिफंड गेटवेतून आलेल्या वाटेनंच परत जातोय, फोटोचं काय काम? नाही म्हटल्यावर मालकांनी स्वतः बघून करून दिला, पैसे आले, ते खरं बोललं पाहिजे. पासवर्ड विसरलो तर जुनाच पासवर्ड जसाच्या तसा मेलवर आला, म्हणजे तो यांच्याकडं उघडाच पडलाय. तिथं बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड अजिबात वापरू नका.

वेबसाइटला पाचपैकी दोन, ते पण पेमेंटसाठी. गावातले असाल तर सरळ दुकानात जावा, माप पण नीट मिळतंय. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पाठवायची असेल तर काउंटरवरच कुरियर करायला सांगा, वहीत लिहून करतात.