‘गाडी घरी ठेवा’ योजना, आठ महिन्यांनंतर: शुल्क पास, सायकल स्टँड नापास

पुण्यातल्या एका कॉलेजच्या आवारात जूनपासून चालू असलेल्या या योजनेवर सविस्तर लिहायचं बरेच दिवस राहून गेलं होतं. या आठवड्यात माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाचा डिस्क रोटर (ब्रेकची पातळ चकती) दुसऱ्यांदा वाकला, आता लिहितोच. योजनेत काय काय आहे ते अशा आवारात रोज जाणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. वार्षिक स्टिकर बंद, पार्किंगला रोजचं शुल्क, मेट्रो स्थानकापर्यंत शटल, तिघे मिळून येणाऱ्या गाडीला गेटजवळची जागा, अडीअडचणीला घरी जायला रिक्षाभाडं आणि नवाकोरा सायकल स्टँड.

पाचपैकी दोन तारे हा स्टँडच खाऊन बसलाय, म्हणून आधी तोच.

स्टँड म्हणजे जुन्या शाळांत असायची तीच लोखंडी चौकट. उभ्या सळ्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीत पुढचं चाक सारायचं. खाचेची रुंदी ४० मिमी. हा आकडा आला कुठून, तर आपल्या देशी काळ्या सायकलच्या दीड इंची टायरवरून. आज आवारात येणाऱ्या सायकलींत निम्म्या तरी जाड टायरच्या. २.१ इंची टायर ५३ मिमी भरतो, तो त्या खाचेत जातच नाही. मग ती सायकल स्टँडला तिरकी टेकवली जाते आणि शेजारच्या तीन खाचा अडवते. दहा सायकलींचा म्हणून बसवलेला स्टँड प्रत्यक्षात सहा-सात सायकलींत भरतो.

ज्यांचं चाक आत जातं त्यांचे हाल वेगळे. सायकल फक्त पुढच्या चाकाच्या खालच्या भागावर धरलेली असते. शेजारच्याने आपली सायकल ओढली, हँडलला हँडल अडकलं, की चौदा-पंधरा किलोचं धूड एका बाजूला कलतं आणि तो सगळा भार स्पोकवर आडवा येतो. चाक उभा भार पेलायला बनवलेलं असतं, आडवा नाही. महिना-दोन महिन्यांत चाक आऊट होतं, म्हणजे वाकडं फिरायला लागतं. रिम ब्रेक असेल तर फिरताना ब्रेकचं रबर एकाच जागी घासायला लागतं, तीच खूण. आऊट काढून आणा, आठवड्याभरात पुन्हा तेच.

डिस्क ब्रेकवाल्यांनी तर या स्टँडकडे फिरकूच नये. रोटर १६० मिमी व्यासाचा आणि जेमतेम १.८ मिमी जाड पत्रा. चाकाचा आस जमिनीपासून साधारण ३४० मिमीवर, आणि स्टँडच्या सळ्या ४५० मिमी उंच. म्हणजे सळी बरोबर रोटरच्या शेजारी येते आणि सायकल जरा कलली की त्याला टेकते. रोटर आणि त्याला पकडणाऱ्या ब्रेक पॅडमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, त्यामुळे केसाएवढा बाक आला तरी खर्र खर्र सुरू. सरळ करायला सायकल उलटी करा, कॅलिपरमागे (पॅड धरणाऱ्या भागामागे) पांढरा कागद धरा, चाक हळू फिरवा, घासतं तिथे मार्करने खूण करा आणि स्वच्छ पुसलेल्या पान्याने अगदी हलका दाब द्या. पान्याला तेल किंवा ग्रीस असेल तर पॅड गेलेच म्हणून समजा. एकदा तेल प्यायलेला पॅड पुन्हा नीट पकडत नाही.

आणि कुलूप? या स्टँडला कुलूप लावता येतं ते फक्त पुढच्या चाकाला. क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय हाताने निघणारं चाक असेल तर चोराने चाक स्टँडला ठेवून बाकीची सायकल न्यावी, अशीच सोय. म्हणून लोक जिन्याच्या रेलिंगला साखळी घालतात आणि मग ‘रेलिंगला सायकल लावू नये’ असा फलक लागतो. फलक लावण्यात आपली मंडळी कधी मागे नसतात.

हवा होता तो उलट्या यू आकाराचा साधा पाइप. बनवायचा झाला तर असा: दीड इंची (४० एनबी, म्हणजे आतला नाममात्र व्यास ४० मिमी) मध्यम जाडीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप, ज्याचा बाहेरचा व्यास ४८ मिमी असतो. जमिनीवर उंची ७५० मिमी, लांबीही तेवढीच, आणि दोन्ही पाय ३०० मिमी खोल काँक्रीटमध्ये. सहा मीटरच्या एका पाइपात असे दोन निघतात. पायांच्या टोकांना १२ मिमीच्या सळईचा तुकडा आडवा वेल्ड करायचा, म्हणजे कुणी पिळून उपसू शकत नाही. लेडीज आणि मुलांच्या सायकलींसाठी ४०० मिमी उंचीवर एक आडवी दांडी. दोन स्टँडमध्ये एक मीटर, भिंतीपासून ६०० मिमी. पेव्हर ब्लॉकवर बेसप्लेट ठोकून काम उरकू नका. एका पावसाळ्यात खालची वाळू सरकते, ब्लॉक डुगडुगतात आणि बोल्ट हाताने निघतात.

एका स्टँडला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल, चौकट आणि चाक दोन्ही एका कुलपात. २.५ बाय ५ मीटरच्या एका मोटारीच्या खणात असे पाच बसतात, म्हणजे दहा सायकली. हाच खण मोटारीला देताना वळायची वाट धरून हिशेब २३ चौरस मीटरवर जातो. जागा वाचवायची म्हणून योजना काढायची आणि सायकलीच्या पाइपात काटकसर करायची, हे गणित कुणी मांडलं कळत नाही.

छपराचंही सांगून टाकतो. पत्रा वर आहे, पण पश्चिमेची बाजू उघडी. पुण्यात पावसाचा झोत पश्चिमेकडून येतो, त्यामुळे जुलैभर अर्ध्या सायकली छपराखाली राहून भिजल्या. त्या बाजूला पत्रा मीटरभर खाली उतरवला असता तरी भागलं असतं. शिवाय स्टँड कँटीनच्या मागे, म्हणून तिथे दुचाक्या घुसतात. आयत्या बिळावर नागोबा. सुरक्षा केबिनच्या नजरेत असता तर साखळी-कुलपाची निम्मी चिंता मिटली असती.

आता शुल्क. याविषयी सुरुवातीला माझं मत वाईट होतं. स्टिकर मोटारीला वर्षाला १,५०० आणि दुचाकीला ३०० रुपये होता. आता मोटारीला दिवसाला ३० आणि दुचाकीला १०. पन्नास दिवसांत जुना स्टिकर संपतो, हा सरळ डल्ला वाटला होता. तीन महिन्यांनी मत फिरलं. २२० कामाचे दिवस धरले तर जुना स्टिकर मोटारीला दिवसाला सात रुपयेही पडत नव्हता, आणि तो एकदा भरला की पुढच्या प्रत्येक दिवसाचं पार्किंग शून्य रुपयांत. उलट ‘भरलेत तर वसूल करू’ म्हणून लोक दोन चौकांपलीकडूनही गाडी काढत. रोजच्या शुल्कात आठवड्यातून दोन दिवस गाडी न आणणाऱ्याचे ६० रुपये खरोखर वाचतात. एकदम सगळं सोडायची अट नाही, म्हणून लोक ऐकतात. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या एमआयटीने २०१६ मध्ये नेमकं हेच केलं होतं, वर्षाच्या परवान्याऐवजी रोजचा आकार आणि जोडीला कर्मचाऱ्यांना बस-सबवे फुकट.

दुचाकीचं गणित मात्र नाजूक आहे आणि आपल्याकडे खरी गर्दी तिचीच. घर आठ किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन १६. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ३७ रुपये. पीएमपीची, म्हणजे शहर बसची, जून २०२५ पासूनची भाडी बघा: पाच किलोमीटरपर्यंत १०, दहापर्यंत २०. म्हणजे जाऊन येऊन ४०. बस तीन रुपयांनी महाग! पार्किंगचे १० मिळवले तर दुचाकी ४७ वर जाते, आणि तिथेच पारडं फिरतं. दहा रुपयांवर नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा कागदावर मांडून बघावं. मोटारवाल्याला एवढा विचार करायची गरज नाही. लिटरला १५ धरला तरी ११० रुपये नुसतं पेट्रोल.

पीएमपीच्या पासावर कॉलेज निम्मी सवलत देतं ती कामाची, पण डोळे मिटून घेऊ नका. महिन्याचा पास १,५०० चा. २४ दिवस रोज ४० रुपयांची तिकिटं काढली तर ९६० होतात. म्हणजे एका बसने येणाऱ्याला पूर्ण किमतीचा पास ५४० रुपयांनी अंगावर पडतो. निम्मी सवलत धरून ७५० ला पडला, तर परवडतो. सवलत नसेल तर दोन बस बदलून रोज ८० खर्च करणाऱ्यानेच घ्यावा. मेट्रोने येणाऱ्याला या पासाचा उपयोगच नाही. त्यांच्या ‘एक पुणे’ या मेट्रोच्या कार्डात तेवढे पैसे भरून दिले तर जास्त लोक वळतील, आणि कार्यालयाचा कागदी व्यापही कमी होईल.

शुल्काच्या वसुलीत दोन चुका आहेत. पहिली, पैसे महिनाअखेर पगारातून कापले जातात. तीस रुपये गेल्याचं त्या दिवशी कळलं तरच दुसऱ्या दिवशी माणूस विचार करतो. महिन्याने आलेल्या आकड्यावर फक्त भांडतो. संध्याकाळी एक एसएमएस पुरे. दुसरी चूक मोठी: तक्रारी आल्या म्हणून ऑक्टोबरपासून महिन्याला ४५० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पंधरा दिवस गाडी आणली की सोळाव्या दिवसापासून फुकट. ज्या आजाराचं औषध काढलं तोच आजार महिन्याच्या उत्तरार्धात परत बोलावला. मर्यादा घालायचीच असेल तर वर्षाची घाला, तीही इतकी वर की क्वचितच कुणी गाठेल.

गेटवर मोटारीला फास्टॅग वाचला जातो, ते सुरळीत आहे. दुचाकीला फास्टॅग नसतो, म्हणून कार्ड टेकवावं लागतं, आणि अडथळ्याच्या दांडीचं टोक व खांब यांत दीड हाताची फट सोडलीय. स्कूटर तिथून आरामात निघते. फटीत एक खांब रोवला की काम झालं. आठ महिने झाले, रोवलेला नाही.

सप्टेंबरात पार्किंगमध्ये मोकळे खण दिसू लागले तेव्हा मी या योजनेला मनातल्या मनात चार तारे देऊन टाकले होते. ते घाईचं झालं. मागच्या गल्लीत, सोसायट्यांच्या फाटकांसमोर दुचाक्यांची रांग वाढली होती. आत कमी झालेल्यांतल्या काही गाड्या नुसत्या भिंतीपलीकडे गेल्या होत्या. म्हणून मोजायचं तर आतलं आणि बाहेरच्या गल्ल्यांतलं, दोन्ही एकाच वेळी, आणि तेही सकाळी अकराला. आठच्या तासाची मुलं गेलेली नसतात, प्रॅक्टिकलची बॅच आलेली असते, प्राध्यापक सगळे हजर. दिवसातला हा एकच आकडा पार्किंग किती लागतं ते ठरवतो. दुपारी चारला काढलेले मोकळ्या जागेचे फोटो अहवालात छान दिसतात, तेवढंच. दोन प्रॅक्टिकल बॅचेस अकराऐवजी साडेबाराला नेल्या तर एक रुपयाही खर्च न करता अकराची गर्दी उतरेल, पण वेळापत्रकाला हात लावायला कुणी तयार नाही.

बाकीचं थोडक्यात. शटल वीस मिनिटांनी एक, स्थानक दीड किलोमीटर. हुकली तर चालत जाणारा आधी पोचतो. दिवसभर रिकामी फिरवण्यापेक्षा सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सहा दर आठ मिनिटांनी सोडा. तिघांच्या गाडीची जागा चांगली, पण गेटबाहेरच्या टपरीजवळ दोघांना बसवून आत शिरणारे सर्रास दिसतात. तिघांची नावं एकत्र नोंदवून, ती गाडी आली त्या दिवशी उरलेल्या दोघांच्या गाड्यांना गेटजवळची जागा बंद ठेवली तर हा खेळ थांबेल. रिक्षाभाड्याची सोय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरली गेलेली. मूल शाळेत आजारी पडलं तर गाडीशिवाय घरी कसं पोचायचं, ही धास्ती तिने जाते, म्हणून ती बंद करू नका. फक्त पावती विभागप्रमुखांकडून सहीसाठी फिरवायची अट काढा. जिमखान्याची न्हाणीघरं सकाळी सातला उघडायला लागली, त्याबद्दल मात्र खरंच आभार. मे महिन्यात सायकलवर आल्यावर आठच्या तासाला उभं राहायचं, तर त्याला पर्याय नाही.

परवा दुसऱ्या स्टँडची निविदा सूचनाफलकावर लागली. ‘सायकल स्टँड, एमएस (म्हणजे साधं पोलाद), १० खाचा’, आणि सोबत तेच जुने रेखाचित्र. तक्रारींची दखल घेतलीय, नाही असं नाही: खाच ४० ची ५५ मिमी केलीय. जाड टायर आता आत जातील आणि त्यांचेही रोटर वाकतील. देशी सायकलचं चाक दोन्ही बाजूंनी आठ-नऊ मिमी ढिलं राहून आणखी कलेल. सळ्यांची उंची अजून ४५० मिमीच. निविदा भरायची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे. वरचं यू पाइपचं माप एका कागदावर लिहून इस्टेट विभागात दिलंय, आवक क्रमांक घेतलाय. फरक पडला तर तारे वाढवीन, तोवर अडीच.