गर्भपिशवी काढायला सांगितलंय? आधी आमच्या वहिनीचं काय झालं ते वाचा

ज्यांच्या घरातल्या बायका ऊसतोडीला जातात त्यांनी हे नक्की वाचा आणि घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा.

माझी वहिनी 32 वर्षांची, तीन लेकरं. ओटीपोट दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं, त्यात फडात दिवसभर मोळ्या उचलायच्या आणि एक दिवस घरी बसलं की खाडा म्हणजे दंड लागतो, त्यामुळे दुखणं अंगावर काढत राहिली. शेवटी दादाने तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने सोनोग्राफी केली आणि लगेच म्हणाला, पिशवीला सूज आहे, आत्ता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल, लेकरं लहान आहेत, बघा तुमचं तुम्ही. कॅन्सरचं नाव काढल्यावर माणूस काय विचार करणार हो? ना पॅप टेस्ट (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) केली, ना आधी गोळ्या देऊन बघितल्या. दादाने मुकादमाकडून उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) वाढवून घेतली आणि ऑपरेशन झालं.

थोड्याच दिवसांत वहिनीच्या अंगातून वाफा निघायला लागल्या, रात्री घामाने गोधडी भिजायची, कंबर धरलेली, लेकरांवर उगाच चिडायची आणि मग रडत बसायची. त्या डॉक्टरकडे गेलं की अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावायचा, त्याचे पैसे वेगळे.

मग मी तिला सरकारी मेडिकल कॉलेजला नेलं. तिथल्या मॅडमनी आधी कागद मागितले. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फक्त ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं, गाठ वगैरे काही नाही. मॅडम म्हणाल्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसतेच, आणि पांढरं जाणं बहुतेक वेळा इन्फेक्शनमुळे असतं, ते गोळ्यांनी बरं होतं. मग डिस्चार्ज कार्ड बघितलं तर त्यात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढल्याचं लिहिलेलं! हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, वहिनीला तर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अंडाशयं काढली की बाईची पाळी जाताना जे हळूहळू होतं ते एकदम होतं, म्हणजे पन्नाशीचा त्रास बत्तिसाव्या वर्षी, हाडं लवकर ठिसूळ होणार, हृदयाचा धोकाही वाढतो.

आणि मग मॅडमनी विचारलं, बायोप्सीचा रिपोर्ट कुठे आहे?

तो नव्हताच. काढलेली पिशवी लॅबला तपासायला पाठवायची असते, त्यातूनच कळतं आत कॅन्सर होता की नव्हता. ज्याला खरंच कॅन्सरची शंका आहे तो डॉक्टर हे विसरेल का? माझं स्पष्ट मत आहे, त्याला शंका नव्हतीच, त्याला ऑपरेशन करायचं होतं.

नंतर त्या खाजगी दवाखान्यात केसपेपर मागितले तर आज या उद्या या चाललं. शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली, कारण मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावे लागतात. संमतीपत्र पूर्ण इंग्रजीत, ऑपरेशनचं नाव वेगळ्या शाईने नंतर भरलेलं, खाली सही एकट्या दादाची. पेशंट शुद्धीत आहे, सज्ञान आहे, तरी तिची सही नाही! सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये अशाच एका केसमध्ये सांगितलंय की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे पिशवी आणि अंडाशयं काढायची संमती नव्हे, त्या केसमध्ये पेशंट बेशुद्ध असताना आईची सही घेतली होती.

आणि हे एका वहिनीपुरतं नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, 82 हजारांहून जास्त बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. आम्ही शेजारच्या जिल्ह्यातले, आम्हाला कोण विचारतंय.

पिशवी काढणं कधी कधी खरंच गरजेचं असतं, कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव थांबतच नसेल तर, त्यामुळे घाबरून योग्य उपचार टाळू नका. पण अंगावरून पांढरं जातंय एवढ्यासाठी ऑपरेशन सांगितलं तर त्या दिवशी सही करू नका, सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अंडाशयं ठेवणार की काढणार हे तोंडावर विचारा आणि कागदावर लिहून घ्या. ऑपरेशननंतर बायोप्सीचा रिपोर्ट मागाच.

फसवणूक झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. आम्ही केलीय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे वेगळी. दवाखान्याने उत्तरात लिहिलंय की पेशंटनेच पिशवी काढायचा हट्ट धरला होता. बायोप्सीबद्दल त्या उत्तरात एक ओळ पण नाही, म्हणून आता आयोगापुढे तोच रिपोर्ट मागितलाय.