‘द वॉल’: चार बाजू, आठ महिने

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द वॉल’ हा अल्बम मी महाविद्यालयात असताना ऐकला होता, पण तो तुकड्यातुकड्यांनी, मित्राच्या संगणकावरून उतरवून घेतलेल्या फायलींमधून आणि बहुतेक वेळा अभ्यास करता करता. आठ महिन्यांपूर्वी टर्नटेबल घेतल्यावर पहिली खरेदी म्हणून याच अल्बमचा दोन रेकॉर्डचा संच मागवला. पहिला संच वाकलेला निघाला आणि विक्रेत्याने तो बदलून देण्यात तीन आठवडे घालवले, एवढी एक तक्रार नोंदवून पुढे जातो. बदलून आलेला संच मात्र निर्दोष आहे. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी रात्री मी तो सलग, म्हणजे सुमारे ८१ मिनिटे, दुसरे काहीही न करता ऐकतो आहे.

अल्बमचे मूळ सर्वज्ञात आहे. जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममधल्या कार्यक्रमात बँडचा गायक-गीतकार रॉजर वॉटर्स समोरच्या एका श्रोत्यावर थुंकला, आणि आपण या थराला कसे पोहोचलो या शरमेतून श्रोते आणि वादक यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या भिंतीची कल्पना त्याला सुचली. नोव्हेंबर १९७९ मध्ये अल्बम प्रसिद्ध झाला. त्याचा नायक पिंक हा रॉक गायक आहे. युद्धात गेलेले वडील, अतिकाळजी करणारी आई, मुलांचा पाणउतारा करणारे मास्तर, तुटलेले लग्न, या प्रत्येकाची एकेक वीट रचत तो स्वतःला कोंडून घेतो. वडिलांची वीट कल्पनेतली नाही. वॉटर्सचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता.

या संचाने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मधली सक्तीची विश्रांती. दुसरी बाजू संपते तेव्हा भिंतीची शेवटची वीट बसलेली असते. १९८० आणि १९८१ च्या मूळ कार्यक्रमांतही मध्यंतर इथेच होत असे, आणि त्यानंतर वादक पुठ्ठ्याच्या विटांनी रचलेल्या भिंतीआड जाऊन वाजवत, प्रेक्षकांना समोर केवळ पांढरी भिंत दिसे. घरी त्या जागी मला उठावे लागते, पहिली रेकॉर्ड पाकिटात सरकवून दुसरी काढावी लागते. त्या दीड-दोन मिनिटांच्या शांततेनंतर ‘हे यू’ची गिटार सुरू झाली की ती खरोखरच पलीकडून आल्यासारखी वाटते. फायलींमध्ये हे गाणे आधीच्या गाण्याला लगेच चिकटून येत असे, आणि त्यामुळे इतकी वर्षे मला त्यात फक्त चाल ऐकू येत होती. हे गाणे या जागी अगदी शेवटच्या टप्प्यात हलवले गेले. मूळ आवरणाच्या आतल्या बाजूला छापलेल्या गीतांचा क्रम त्यामुळे चुकलेला आहे, आणि रेकॉर्डवरून वगळलेल्या एका गाण्याचे शब्दही तिथे तसेच राहून गेले आहेत.

तिसरी बाजू मी सर्वाधिक वेळा ऐकली. हॉटेलच्या खोलीत दूरचित्रवाणी चालू ठेवून बसलेला पिंक आपल्याकडे काय काय आहे याची यादी करत राहतो, आणि फोन मात्र कोणी उचलत नाही. याच फोनची पूर्वतयारी दुसऱ्या बाजूवर आहे. तिथे तो अमेरिकेतून घरी फोन लावतो, पलीकडे एक परका पुरुष बोलतो आणि फोन ठेवून देतो. त्या प्रसंगातली ऑपरेटर खरी होती आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित होतो आहे याची तिला कल्पना नव्हती. तिच्या आवाजातला गोंधळ म्हणूनच अभिनयाचा वाटत नाही. ‘कम्फर्टेबली नम’मध्ये कडवी वॉटर्स डॉक्टरच्या भूमिकेतून गातो आणि ध्रुवपद बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर रुग्णाच्या. दोघे एकमेकांशी बोलत आहेत असे वाटते खरे, पण दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे ऐकत नाही. उरलेले काम गिल्मरची गिटार करते. शेवटच्या सोलोबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

‘अनदर ब्रिक इन द वॉल’ या शाळेच्या गाण्याचा मला अतिपरिचयाने वीट आला होता (श्लेष टाळता आला नाही). लंडनच्या इझ्लिंग्टन ग्रीन शाळेच्या मुलांनी गायलेल्या या गाण्यावर १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थ्यांनी ते आपल्या आंदोलनात उचलल्यावर तिथे बंदी आली. ही हकीकत कळल्यावरही एकटे ऐकताना ते मला घोषणेसारखेच वाटे. सलग ऐकताना मात्र ते आईच्या गाण्याच्या लगेच आधी येते. शाळेविरुद्ध ओरडणारा मुलगा घरी येऊन आईला विचारतो की मी भिंत बांधू का, आणि ती त्याला बांधायला मदत करते.

खटकलेल्या गोष्टीही लिहिल्या पाहिजेत. आई आणि पत्नी यांना या कथेत विटांपलीकडे अस्तित्व नाही, आणि शेवटी पिंकवर चालणाऱ्या खटल्यात त्या केवळ राक्षसी साक्षीदार म्हणून येतात. दुसऱ्या बाजूवरील आत्मदया चौथ्या-पाचव्या महिन्यात मला असह्य झाली होती. एकटेपणावरच्या या अल्बमचे ध्वनिमुद्रण चालू असताना कीबोर्डवादक रिक राइटला बँडमधून बाहेर काढण्यात आले आणि नंतर त्याच कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत राहिला, हे माहीत झाल्यावर त्या आत्मदयेकडे पाहणे आणखी कठीण होते.

तरीही हा अल्बम जुना वाटत नाही, याचे कारण चौथी बाजू आहे. भिंतीआडचा माणूस तिथे रडत बसत नाही. औषध टोचून मंचावर उभा केलेला पिंक हुकूमशहा होतो आणि प्रेक्षकांतील ‘वेगळे’ लोक बोट दाखवून वेचू लागतो. ज्याला कोणीच जवळचे उरलेले नाही, त्याला जमाव किती पटकन जवळचा वाटू लागतो, हे इथे ऐकू येते. मोबाइलवर रात्रभर अनोळखी माणसांवर आग पाखडणारे काही परिचित मला इथे हटकून आठवतात, आणि ते सगळे एरवी अबोल आहेत. खटल्याचा निकालही विलक्षण आहे. या आरोपीला न्यायाधीश कोंडत नाही, तर भिंत पाडून त्याला सर्वांसमोर उघडा करतो.

त्यानंतर येणारे अखेरचे छोटे गाणे अर्ध्या वाक्यावर तुटते, आणि त्याचे उरलेले अर्धे पहिल्या बाजूच्या आरंभी, त्याच सुरावटीवर, दबक्या आवाजात आहे. फायलींना पुनरावृत्तीची कळ दाबली की वाक्य आपोआप जुळते. रेकॉर्डवर ते जुळवायचे तर उठून पुन्हा पहिली तबकडी लावावी लागते. आठ महिन्यांत मी तसे एकदाच केले.